मदत हवी आहे: चादरीखाली काय आहे ते सांगायचं की नाही?

मंडळी, इतके दिवस नुसतीच वाचक होते. आज स्वतःची अडचण घेऊन आले आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करायच्या शेवटच्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी बँकेतून आले की मी फोटो काढायचे. माणसं एकाही फोटोत नाहीत. नुसती बांधाबांध, पोती, सुतळ्या, भिंतीवर कॅलेंडर होतं तिथला उजळ चौकोन, असलं सगळं. आता आम्ही सहा जण मिळून परळला एक हॉल भाड्याने घेऊन छोटंसं प्रदर्शन करतोय. माझ्या वाट्याला सात फ्रेम आल्यात. प्रिंट टाकायला अकरा दिवस उरलेत.

घोळ एका फोटोवरून आहे. खाली चढवलाय, पण मोबाइलवर नीट दिसणार नाही म्हणून सांगते. चाळीची कॉमन गॅलरी, लाकडी कठडा, पावसाळी संध्याकाळ. कठड्याच्या फटींतून समोरच्या छपरावरची निळी ताडपत्री दिसते. भिंतीला लागून पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर काहीतरी ठेवलंय आणि त्या सगळ्यावरून एक पांढरी चादर जमिनीपर्यंत ओढलेली. वरच्या बाजूला एके ठिकाणी सुतळी आवळून बांधलीय, त्यामुळे तिथे मान असल्यासारखी वाटते. उजव्या खांद्याच्या जागी चादरीला एक गोल फुगवटा. बस, इतकंच.

खाली काय आहे ते आत्ता सांगत नाही. अकरा जणांना विचारलं, तर एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. एकाला डोक्यावरून पांघरूण घेऊन बसलेली म्हातारी दिसली. एकाला ओलीस धरलेला माणूस. ऑफिसातला एक जण म्हणाला, सलूनमध्ये दाढीला बसलाय. लालबागला राहणारी मैत्रीण क्षणभरही न थांबता म्हणाली, "गणपती आणलाय ना? तोंड झाकून ठेवलंय." शेजारच्या मुलाला भूत. मावशीचा तर रात्री साडेदहाला फोन आला की असले फोटो ग्रुपवर टाकू नयेत, अपशकून होतो, आणि घरी सगळे बरे आहेत ना?

आणि आमच्या फोटोग्राफी ग्रुपच्या मासिक स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?" मला उत्तर सुचलं नाही. दहापैकी तीन गुण. घरी येताना चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत तेच डोक्यात.

तर माझे प्रश्न. या फोटोला मी 'विस्थापन' असं नाव ठरवलंय, ते द्यावं का? तो उजवीकडचा फुगवटा एडिटिंगमध्ये काढून टाकला तर आकार जास्त गूढ होईल, काढू का? आणि अकरा जणांना अकरा गोष्टी दिसत असतील तर फोटो फसला असं समजायचं का?

जाता जाता, याच मालिकेत खिडकीच्या पडद्याचा एक फोटो आहे, १.८ अॅपर्चरवर, म्हणजे भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवून, पूर्ण धूसर. तो सगळ्यांना आवडला. त्याच्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

प्रतिसाद १
चाळ कुठली? फणसवाडी की मुगभाट? आमचीही गेली, म्हणून विचारतोय.
फोटोबद्दल: कॅप्शन लागली की फोटो पडला. माझं मत.

प्रतिसाद २
वरच्यांशी असहमत. कॅप्शन ही काही कुबडी नव्हे, तिने अर्थ वाढतोही. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये मॅन रे या छायाचित्रकाराने त्याचा चित्रकार मित्र मार्सेल द्यूशां याच्या एका अपुऱ्या काचचित्राचा फोटो काढला. काच बरेच महिने आडवी पडून होती, तिच्यावर धुळीचा थर जमलेला. दिवा अपुरा, म्हणून शटर उघडं ठेवून दोघे जेवायला गेले आणि आल्यावर बंद केलं. पुढे १९२२ मध्ये एका फ्रेंच मासिकात हा फोटो छापला तेव्हा खाली लिहिलं होतं की हे विमानातून घेतलेलं दृश्य आहे. आणि खरंच, तसं समजून पाहिलं की शेतं, रस्ते, खंदक दिसायला लागतात! फ्रेममध्ये आकाराचा अंदाज देणारं काहीच नाही, क्षितिज नाही, त्यामुळे डोळ्याला काच आणि शेत यांत फरक करता येत नाही.

आता तुमचं 'विस्थापन'. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ च्या एका निबंधात म्हटलंय की चित्राखालची ओळ जहाजाच्या नांगराचं काम करते, अनेक अर्थांत तरंगणारं चित्र एका जागी धरून ठेवते. धुळीच्या फोटोखालच्या ओळीने नांगर मुद्दाम भलत्याच बंदरात टाकला, म्हणून मजा आली. तुमचा तर भाऊच्या धक्क्यालाच, बोट सुटायच्या आधी. विस्थापन, अस्तित्व, शोध, एकांत... या चार शब्दांवर निम्मी प्रदर्शनं उरकतात हो! राग मानू नका.

प्रतिसाद ३
ताई, मी शाळेत संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे.

मम्मटाच्या काव्यप्रकाश या जुन्या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात एक उदाहरण येतं: 'गतोऽस्तमर्कः', सूर्य मावळला. वाक्य एवढंच. पण गुराख्याला त्यातून ऐकू येतं, गुरं घरी वळवा. मजुराला ऐकू येतं, काम थांबवा. दुकानदाराला, माल आवरा. संध्या करणाऱ्याला, संध्येची वेळ झाली. प्रियकराकडे निघालेलीला, चल, आता नीघ. आणि वाट बघून थकलेलीला, आजही तो आला नाही. ऐकणारा बदलला की व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, बदलतो. म्हणून वाक्य फसलं असं कुणी म्हटलं नाही, उलट ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवणं, कसा असतो ते सांगायला हे वाक्य घेतलं.

पण यातली एक गोष्ट निसटते. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सगळ्यांसाठी एकच आहे आणि तो पक्का आहे. सूर्य मावळला म्हणजे मावळला. 'काहीतरी कुठेतरी गेलं' असं वाक्य असतं तर गुराखी जागचा हलला नसता.

तुमच्या लालबागच्या मैत्रिणीला गणपती दिसला आणि मावशींना मर्तिक, याचं कारण दोघींना चादर, सुतळी, मान स्पष्ट दिसली. पडद्याच्या फोटोबद्दल कुणी काही विचारलं नाही म्हणता. तिथे वाच्यार्थच नसावा, असा माझा कयास. पाहिल्याशिवाय जास्त बोलत नाही.

धागाकर्ती
सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पडद्याबद्दल म्हणताय ते खरं आहे. चौदा जण 'छान' म्हणाले, पण कुणालाही त्यात काही दिसलं नाही. मी त्यालाच यश समजत होते.

@प्रतिसाद १, खत्तर गल्लीच्या मागे. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

प्रतिसाद ४
तांत्रिक बाजू बघायची तर चादर राखाडी आलीय. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं कळत नाही, समोर असेल ते मधल्या करड्यावर आणून ठेवायचं एवढंच त्याला माहीत. अशा वेळी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवून घ्यायचा असतो. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची नोंद) असेल तर आताही होईल, पण ताडपत्रीचा निळा जपा. तो उडाला तर मुंबईचा पावसाळाही उडाला, मग ही गॅलरी कुठलीही.

चुण्या मात्र झकास आल्यात, कारण उजेड एका बाजूने आहे. काय सेटिंग होतं? अॅपर्चर एफ ८ च्या आसपास वाटतंय.

फुगवट्याला हात लावू नका! माझी नजर पहिल्यांदा तिथेच गेली. तो नसता तर चादर घातलेला माणूस म्हणून मी पुढे सरकलो असतो. माणसाला असा खांदा नसतो, म्हणून मागे आलो आणि सुतळी पाहिली.

धागाकर्ती
हो, एफ ८, ट्रायपॉड, एक पंधरांश सेकंद. रॉ आहे. परत काढणं शक्य नाही, ती गॅलरी आता नाही.

प्रतिसाद ५
सातही फ्रेम कुठल्या क्रमाने लावणार? ते कुणीच विचारलं नाही. लॅरी सुल्तान आणि माइक मँडेल या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९७७ मध्ये सरकारी खात्यांच्या आणि कंपन्यांच्या कपाटांतले फोटो निवडून 'एव्हिडन्स' नावाचं पुस्तक केलं. प्रयोगांच्या, चाचण्यांच्या नोंदी म्हणून काढलेले रुक्ष फोटो. कुठेही मथळा नाही, नुसते एकापुढे एक. कामाचा कागद निघून गेल्यावर तेच फोटो भीतिदायक आणि हास्यास्पद दिसायला लागतात. शेजारी काय येतं त्यावर पुष्कळ ठरतं. चादरीशेजारी रिकामी खोली लावलीत तर सगळ्यांना मावशींचा अर्थ दिसेल. तेच पितळी डब्यांचं पोतं लावलंत तर सामान दिसेल. म्हणून आधी चादर लावा आणि तिच्या दोन्ही बाजूंना अशा फ्रेम द्या की एक माणसाकडे ओढेल आणि दुसरी सामानाकडे.

बाकी परीक्षकांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो फोटोला विचारायचा, तुम्हाला नव्हे.

प्रतिसाद १
व्यनि मिळाला. अहो, म्हणजे आपण एकाच दुधवाल्याचे!
आता तरी सांगा, चादरीखाली काय आहे?

धागाकर्ती
सांगते. आईचं शिवणयंत्र, हाताने फिरवायचं. खाली ट्रंक, वर मशीन आणि मशीनवर बटणं आणि बॉबिनी ठेवायचा बिस्किटांचा गोल डबा. डबा म्हणजे डोकं. सुतळी डब्याच्या खालून घेतली म्हणून मान. उजवीकडचा फुगवटा म्हणजे मशीनचं चाक. पाऊस आत येत होता म्हणून मीच बांधलं होतं, आणि मागे वळून पाहिलं तर कुणीतरी बसलेलं.

ठरलं ते असं. 'विस्थापन' रद्द. फोटोखाली फक्त 'गॅलरी, संध्याकाळ'. चाक राहील. पडदा काढला, त्याच्या जागी कॅलेंडरचा चौकोन. चादर एक स्टॉप उजळवलीय, ताडपत्री तशीच. क्रम प्रतिसाद ५ म्हणतात तसा, फक्त पितळी डब्यांऐवजी दाराबाहेर राहिलेल्या चपलांचा फोटो घेतेय. तो माणसाकडे ओढेल की सामानाकडे, मला अजून कळलेलं नाही.

काल चाचणी प्रिंट आली, बारा बाय अठरा, मॅट कागदावर. एवढ्या सगळ्यांना विचारलं, पण आईला विचारायचं राहूनच गेलं होतं. प्रिंट तिच्यासमोर धरली आणि काही न सांगता थांबले. तिने चष्मा लावला आणि लगेच म्हणाली, "सुतळी डब्याखालून घेतलीस ते बरं केलंस. झाकण सैल आहे त्याचं."