मदत हवी आहे: कोल्हापूरच्या चित्रकारांची मूळ चित्रे कोठे पाहता येतील?

नमस्कार. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयातील ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेल्या वस्तूंविषयी, विशेषतः पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या कांस्यमूर्तीविषयी, पुष्कळ माहिती मिळते. परंतु जलरंगात कोल्हापुरातील कोटितीर्थ तलावाचा परिसर जिवंत करणारे आबालाल रहिमान (निधन १९३१) आणि चित्रपटनिर्मितीमुळे ज्यांची चित्रकला काहीशी झाकोळली गेली असे मला वाटते ते बाबूराव पेंटर, यांच्या मूळ चित्रांपैकी सध्या कोणती टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात किंवा चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात प्रत्यक्ष मांडलेली आहेत, हे कृपया कोणी सांगू शकेल का? चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ती दाखवण्याची मनापासून इच्छा आहे, कारण जलरंगाची पारदर्शकता छापील प्रतीत उतरत नाही. चित्रांसमोर बसून रेखाटन करण्यासाठी परवानगी कोणाकडे मागावी, हेही कळवावे.