मदत हवी आहे: भावाचं कर्ज फेडायला आईची एफडी मोडावी का?

चाफेकळी

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले कारण नात्यात कुणाशी बोलायची सोय नाही आणि गुरुवारपर्यंत काहीतरी ठरवायचं आहे.

धाकटा भाऊ, वय 31. आई आणि तो भांडुपला, मी लग्नानंतर ठाण्याला. त्याची नोकरी अंधेरीला, पगार वेळेवर, दारू-सिगारेट काही नाही. गेल्या महिन्यात वसुलीवाला दारात आला आणि दार आईने उघडलं. त्या दिवशी भाऊ म्हणाला, 80 हजारांचं कर्ज आहे. दोन दिवसांनी ते 2 लाख झालं. शनिवारी रात्री मी वही घेऊन समोर बसले, एकेक नाव लिहून घेतलं, तेव्हा बेरीज 6 लाख 40 हजारांवर गेली. दोन क्रेडिट कार्डं, चार लोन ॲप, ऑफिसातले तिघे आणि आमचा मावसभाऊ. त्याच्याकडून ‘आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे’ म्हणून 40 हजार घेतलेत. आईच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

पैसे गेले क्रिकेटवर. आधी ॲपवर 49 रुपयांची टीम लावायचा. ते आम्हाला माहीत होतं, पण त्यात काही वावगं वाटलं नाही. ते खेळ बंद झाल्यावर कुणीतरी त्याला सट्ट्याच्या साइटवरचा ‘आयडी’ दिला. फोनवरून पैसे पाठवायचे, तिकडे पॉइंट चढतात, मग ओव्हरमागून ओव्हर लावत बसायचं.

आता एकेक गोष्ट आठवते. फोन कायम पालथा ठेवायचा. ताटातला भात गार व्हायचा आणि याची नजर मांडीवरच्या फोनवर. गणपतीत आरती अर्धी टाकून गच्चीवर गेला होता. सारखा चिडचिड करायचा, आणि मधेच एखाद्या दिवशी इतका खूश, की आईला पैठणी घेऊन आला. ती पैठणी बघवत नाही मला आता.

आईला आमच्या कितीतरी आधी शंका आली होती. तिचे वडील परळला गिरणीत होते, मटका खेळायचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लावायची पद्धत मुंबईत होती, पुढे 1960 च्या दशकात मटक्यातून चिठ्ठ्या आणि नंतर पत्ते काढून आकडा फुटायला लागला, तो हा काळ. ओपन, म्हणजे पहिला आकडा लागला तर क्लोजच्या, म्हणजे दुसऱ्या आकड्याच्या आशेने आजोबा रात्रभर जागे. आई म्हणते, “बाबांची नजर अशीच व्हायची. समोर बसलेले असायचे, पण घरात नसायचे.” पगाराच्या दिवशी आजी गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, हे मी या महिन्यात पहिल्यांदा ऐकलं.

बाबांच्या फंडाची 7 लाखांची एफडी आईच्या नावावर आहे. भाऊ रडतो, शपथा घेतो, म्हणतो एकदाच सोडवा, परत हात लावणार नाही. आई मोडायला निघाली आहे. मोडावी का? हे व्यसन म्हणायचं की वाईट सवय? आणि मुंबईत यासाठी जायचं कुठे?

शिवडीकर

एक रुपया देऊ नका. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. 31 वर्षांचा माणूस आहे, निस्तरू दे त्याचं तो. आईला या वयात रस्त्यावर आणणार आहात का?

रुळावर

शिवडीकर, पैसे देऊ नयेत इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. ‘निस्तरू दे’ म्हणून एकटं सोडू नये. मी त्या खड्ड्यात होतो. चार वर्षं झाली, लावलेलं नाही.

ताई, माझ्या वडिलांनी माझं कर्ज दोनदा फेडलं. पहिल्यांदा 3 लाख भरले त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी शांत झोपलो. मनापासून शपथ घेतली होती, खोटी नव्हती. दहाव्या दिवशी कार्डाचं ॲप उघडलं तर पूर्ण लिमिट मोकळी दिसली. वडिलांनी भरलेल्या पैशांनीच मोकळी झालेली. डोक्यात आलं, यातले फक्त 20 हजार लावू, जिंकले की बाबांचे थोडे परत करू. पुढचं तुम्हाला कळलं असेल.

आमच्यात एक शब्द आहे, ‘कव्हर’. हरलेलं कव्हर करायचं. बाहेरच्याला वाटतं आम्ही श्रीमंत व्हायला खेळतो. सुरुवातीला तसंच असतं, नंतर फक्त कव्हर. हरलं की दुप्पट लावायचं. भारताची मॅच संपली की कुठल्या तरी देशातली लीग, ती संपली की पहाटे तीनला टेबल टेनिस. त्या खेळाडूंची नावंसुद्धा मला वाचता येत नव्हती, पण हात थांबत नव्हता. ज्या रात्री जिंकलो, त्या रात्री तर अजिबात झोप नाही. लहान उसने मी वेळेवर फेडायचो, मोठे मागायचं दार उघडं राहावं म्हणून. त्यामुळे ‘पैशाला चोख’ असं नावही होतं माझं.

भावाच्या ऑफिसातल्या तिघांना त्याने वेगवेगळी कारणं सांगितली असणार. विचारून बघा.

गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका मुंबईत होतात. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. 1957 साली लॉस एंजेलिसला सुरू झालेली ही चळवळ आहे. मी पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत बसलो आणि एक गृहस्थ जे बोलत होते ती माझीच गोष्ट होती. तेवढ्यानेच दुसऱ्या आठवड्यात परत गेलो.

समुपदेशक_दादर

पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करते.

चाफेकळी, हा आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी नेऊन ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. नऊ लक्षणं बघतात आणि वर्षभरात चार दिसली तरी निदान होतं. सतत तेच डोक्यात असणं, तोच कैफ यावा म्हणून रक्कम वाढवत नेणं, थांबवायचा प्रयत्न फसणं, थांबलं की चिडचिड, मन उदास असलं की लावायला बसणं, हरलेलं परत मिळवायला जाणं, खोटं बोलणं, नोकरी किंवा नाती पणाला लागणं. नववं लक्षण मुद्दाम शेवटी लिहिते: पैशाच्या अडचणीतून सोडवायला दुसऱ्यांवर टेकणं. एफडी मोडून त्याच्या हातात दिलीत, तर तुम्ही त्या नवव्या खुणेत सामील होता.

घरी विचारता येतील असे दोन प्रश्न आहेत. जास्त जास्त पैसे लावायची गरज वाटली आहे का? आणि किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं आहे का? एकाला जरी ‘हो’ आलं तरी तपासणी करून घ्या. विचारताना आवाज चढवू नका, आणि मॅच चालू असताना तर विचारूच नका.

‘अक्कल नाही का’ हे वाक्य घरात बंद करा. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की मेंदू त्या गोष्टीला सगळ्यात घट्ट चिकटतो, आणि थोडक्यात हुकलेला डावही त्याला जवळजवळ जिंकल्यासारखा वाटतो. शेवटच्या चेंडूवर हरलेला माणूस म्हणूनच घरी येत नाही, परत लावतो. अकलेचा संबंध नाही. माझ्याकडे सीए येतात, शिक्षक येतात.

केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा आणि डॉक्टरांना सरळ ‘जुगार’ हा शब्द सांगायचा, ‘टेन्शन आहे’ म्हणून सुरुवात करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे, ऑफिसात कळेल ही भीती त्याला असेल तर हे सांगा. बोलण्यातून विचारांची सवय मोडायचे उपचार मुख्य, सोबत उदासी असेल तर गोळ्या. दुसरी कुठली औषधं चालू असतील तीही दाखवा. कंपवाताच्या काही औषधांनी जुगाराची ओढ अचानक लागते. त्याच्या वयात शक्यता कमी, पण डॉक्टरांना माहीत असावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कर्ज उघडं पडल्यानंतरचे दिवस जिवाला धोक्याचे असतात. ‘माझ्यामुळे सगळं झालं’, ‘मी नसतो तर सुटला असतात’ असं बोलला, तर त्याला एकटं ठेवू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

आणि 6 लाख 40 हजार ही शेवटची बेरीज धरू नका. अनुभवाने सांगते, लाजेने मागे ठेवलेलं एक नाव बहुतेक वेळा असतं.

पतपेढीवाला

फक्त हिशेबाचं लिहितो.

त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बँका, कार्डं, नोंद असलेली ॲप्स सगळी त्यात दिसतात. आईचाही काढा. आईच्या आधारवर कर्ज घेतलेलं मी दोनदा पाहिलंय. तिच्या बँकेच्या ॲपचा पिन आजच बदला, एफडी फोनवरूनही मोडता येते.

वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. दारात तमाशा केला तर लेखी तक्रार करा. फोटो पसरवायच्या धमक्या येत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर, 1930 वर कळवा. बँकेला स्वतःहून भेटा, हप्ता लांबवून मिळतो का विचारा. त्यांनाही पैसे यायला हवे असतात. फेडायचंच तर त्याच्या पगारातून, थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात, पावती घेऊन. त्याच्या हातात रोख नको. मोकळी होणारी कार्डं बंद करा, ‘रुळावर’ यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे.

आयडीबद्दल: ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांचा कायदा केला. असे खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे व्यवहार पार पाडणं हा गुन्हा आहे. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. पण त्याने स्वतःचं बँक खातं कुणाला वापरायला दिलंय का, हे नक्की विचारा. या धंद्यातले पैसे भाड्याच्या खात्यांतून फिरतात आणि गोठतं ते आपलं खातं.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहिते आहे.

एफडी मोडली नाही. दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला लगेच हो म्हणाला. दुसऱ्याला बराच वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच सांगितलं, सोसायटीतल्या भिशीचे 1 लाख 10 हजार त्याच्याकडे ठेवायला दिले होते, ते राहिलेले नाहीत. तुम्ही म्हणालात तेच ते मागे ठेवलेलं नाव. खातं कुणाला दिलेलं नाही. जिवाचंही विचारलं. माझे हात थरथरत होते. तो म्हणाला, “एकदा कांजूरला प्लॅटफॉर्मवर मनात आलं होतं.” त्या रात्री मी भांडुपलाच राहिले, दुसऱ्या दिवशी तिघं मिळून केईएमला गेलो. रांग मोठी होती. डॉक्टरांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं, गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला बोलावलंय. या रविवारी तो बैठकीला जाणार आहे.

आईने त्याला आजीची गोष्ट सांगितली. आजीने आजोबांचं देणं कधी फेडलं नाही, पगार मात्र हातात घेतला. पगार झाला त्या संध्याकाळी तो स्वतः आईसमोर बसला, पास आणि डब्यापुरते पैसे ठेवून बाकी तिच्या खात्यात टाकले. पाठवून झाल्यावर फोन टेबलावर तसाच उताणा राहिला.

एकच विचारायचं राहिलं. मावसभावाला डोळ्याच्या ऑपरेशनचं खरं काय ते कुणी सांगायचं, त्याने की मी?

रुळावर

त्यालाच सांगू दे. तुम्ही सोबत जा, पण बोलू नका. मी काकांकडे गेलो होतो तेव्हा चहावर साय आली तरी माझं तोंड उघडत नव्हतं. शेवटी काकूच म्हणाल्या, “किती?”