साडेचार मीटरच्या लाटा: लाट, भरती की समुद्राची उंची?

पावसाळा आला की मुंबईच्या बातम्यांत ‘आज दुपारी साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ हे हमखास येतं. पण उपग्रहाच्या अल्टिमीटरबद्दल वाचलं तर चक्रीवादळात लाटांची उंची वेगळी आणि समुद्राची उंची वेगळी देतात, मग ही साडेचार मीटर नक्की कुठली? आणि अल्टिमीटरला मराठीत काय म्हणायचं?

– दादा, ती भरतीची उंची. चंद्रसूर्याच्या गणितावरून आधीच काढलेली असते, वाऱ्याचा काही संबंध नाही, वारा पडलेला असेल तर साडेचार मीटरची भरती येऊनही दर्या शांत असतो. ‘लाटा’ छापणं साफ चूक आहे, आणि लोक ते वाचून मरीन ड्राइव्हला गर्दी करतात म्हणून जास्त राग येतो. मोठ्या भरतीला ‘उधाण’ हा चांगला शब्द आहे की आपल्याकडे!

– अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक, सोपं आहे. उपग्रह खाली रडारचा स्पंद सोडतो, तो पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून समुद्राची उंची कळते, समुद्र खवळलेला असेल तर परत येणारा स्पंद पसरट होतो त्यावरून लाटांची उंची, आणि तो किती जोरात परत आला त्यावरून वाऱ्याचा वेग. जेसन मालिकेतले उपग्रह १३३६ किमीवरून हे करायचे. आपल्या इस्रोने फ्रान्सबरोबर २०१३ मध्ये सोडलेला सरल उपग्रह पण तसलाच, फक्त त्याची का-बँड (म्हणजे जास्त आखूड) रडार लहर जोरदार पावसात विरते, म्हणजे ऐन वादळात अडचण. शिवाय उपग्रह नेमका वादळाच्या डोळ्यावरून (मधल्या केंद्रावरून) जाईल असं क्वचितच होतं.

– मग वादळात उपयोग काय?

– ताई, खरा उपयोग वादळाच्या आधी. वादळाला ताकद गरम पाण्यातूनच मिळते. गरम पाणी प्रसरण पावतं, त्यामुळे जिथे गरम थर खोल आहे तिथे समुद्र आजूबाजूपेक्षा काही सेंटिमीटर वर असतो. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातात अशाच फुगवट्यावरून गेलं आणि भयंकर वाढलं. वरचं तापमान सांगणाऱ्या उपग्रहाला ही खोली दिसत नाही.

– आणि तौक्तेसारख्या वादळात किनाऱ्याला पाणी चढतं ते?

– त्याला मी ‘वादळी उधाण’ म्हणेन. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंमी चढतं, बाकीचं वारा ढकलतो. भरतीच्या वेळीच आलं तर दोन्हीची बेरीज, आणि लाटा त्याच्यावर वेगळ्या.