ऑफ तास आणि दुसऱ्याचा वर्ग: तुमचे अनुभव सांगा

कोणीतरी रजेवर गेलं म्हणून अचानक दुसऱ्याच्या वर्गावर पाठवलंय असं तुमच्याही बाबतीत झालं असेलच. आपल्याला एकाही मुलाचं नाव माहीत नसतं आणि मुलांना मात्र पक्कं माहीत असतं की या बाई उद्या नाहीयेत. मी तीन वर्षं बदलीवरच शिकवतेय, म्हणून आधी माझं सांगते, मग तुम्ही लिहा.

आठवीचा वर्ग, विज्ञानाच्या मॅडम पंधरा दिवस रजेवर. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा अर्धी मुलं बाकावर, अर्धी खिडकीत, मी ओरडले की अर्धा मिनिट शांत आणि मग परत तेच, त्यात हजेरी घेताना त्यांनी एकमेकांच्या नावाला "हजर" म्हणून माझा पूर्ण गोंधळ करून टाकला आणि तास संपेपर्यंत माझा घसा बसला. रात्री विचार करताना लक्षात आलं की मी आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं मुलांना करायला काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आधीच जाऊन फळ्यावर दोन प्रश्न लिहून ठेवले आणि दारात उभी राहिले, प्रत्येकाला नाव विचारून आत सोडलं. मग मुलं प्रश्न सोडवत असताना वहीत बाकांचा नकाशा काढून त्यावर सगळ्यांची नावं टाकली. "ए, तू मागचा" असं म्हणण्यात आणि नावाने हाक मारण्यात केवढा फरक पडतो हे मला तेव्हा कळलं. दंगा थांबला नाही, पण निम्म्यावर आला.

---

मी माझी चूक सांगतो. सहावीच्या वर्गात कोणीतरी खडू फेकला, कोणी ते कळेना म्हणून मी अख्ख्या वर्गाला मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं. एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, मी तर गणितं करत होते." मला काही उत्तरच सुचलं नाही. तेव्हापासून सगळ्या वर्गाला शिक्षा कधीच नाही. आता जो बोलतोय त्याच्या बाकाशी जाऊन उभा राहतो, वहीवर बोट ठेवतो, शिकवणं चालूच. बहुतेक वेळा एवढं पुरतं, आणि चारचौघांत अपमान झाला नाही म्हणून मुलगाही उलटून बोलत नाही.

---

वरचं वाचून जेकब कूनिन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आठवले, बीएडच्या अभ्यासात त्यांच्याबद्दल होतं. त्यांचं वर्गशिस्तीवरचं पुस्तक 1970 चं. त्यांना वाटत होतं की दंगा झाल्यावर शिक्षक काय करतात त्यावर सगळं ठरत असेल, पण निरीक्षणात दिसलं की चांगला वर्ग सांभाळणारे दंगा व्हायच्या आधीच्या गोष्टींत वेगळे असतात: सगळ्या वर्गावर नजर, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना रेंगाळणं नाही. बदलीवर जाणाऱ्याला हे फार उपयोगी आहे, कारण शिक्षा करायला आपल्या हातात तसंही काही नसतं.

---

जाताना वर्गशिक्षिकेसाठी चिठ्ठी ठेवा. कुठपर्यंत शिकवलं, कोणी मदत केली. आणि तास सुरू होतानाच मुलांना सांगा की चांगली नावंही लिहिणार आहे.

---

माझा अनुभव जरा वेगळा आहे. पाचवीत एक मुलगा होता, स्टाफरूममध्ये आधीच बजावलं होतं की याच्यापासून सांभाळून. धडा वाचायला घेतला की याचं सुरू, बाक वाजव, शेजारच्याला चिमटा काढ, पाणी प्यायला जाऊ का. दोन दिवस मी त्याला बाहेर उभं केलं, ते मला अजून टोचतं. तिसऱ्या दिवशी चित्र काढायला दिलं तर पूर्ण तास मान वर नाही केली त्याने, आणि मग माझ्या डोक्यात आलं की दंगा नेमका वाचनाची पाळी जवळ आली की होतो. सुट्टीत एकट्याला जवळ बसवून वाचायला सांगितलं, तर साधे जोडाक्षराचे शब्दही येत नव्हते. उरलेले दिवस मी त्याला वर्गात मोठ्याने वाचायला लावलं नाही, रोज सुट्टीत दहा मिनिटं दोघांनी मिळून चार ओळी वाचायच्या असं ठरवलं. बाक वाजवणं बंद झालं. शेवटच्या दिवशी त्यांच्या मॅडमसाठी चिठ्ठी लिहिली त्यात दंग्याचं काही नाही लिहिलं, फक्त एवढंच की आम्ही पान बाराच्या तिसऱ्या ओळीपर्यंत आलोय, प्लीज पुढे चालू ठेवा.