लॅपटॉपवर ‘ब्रेक’ कळ नसताना राउटरला ब्रेक सिग्नल कसा द्यावा?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
सरावासाठी तापकीर गल्लीतून सिस्कोचा एक जुना राउटर आणला. त्यावरचा पासवर्ड विक्रेत्यालाही ठाऊक नसल्यामुळे रॉममॉनमध्ये (राउटरची मुख्य प्रणाली सुरू होण्याआधीच्या दुरुस्ती-व्यवस्थेत) शिरणे भाग आहे. त्यासाठी राउटर सुरू केल्यापासून पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक (सुरू होणे मध्येच थांबवणारा संकेत) द्यावा लागतो. परंतु माझ्या लॅपटॉपवर ‘पॉझ/ब्रेक’ ही कळच नाही. केबलने राउटरशी बोलण्यासाठी पुट्टी हा प्रोग्रॅम वापरतो, वेग ९६०० (बिट प्रतिसेकंद) आहे आणि कन्सोलवरची, म्हणजे राउटरकडून पडद्यावर येणारी, अक्षरे स्वच्छ दिसतात. काय करावे?

उत्तर १
कळीवाचून अडत नाही. पुट्टीच्या शीर्षपट्टीवर राइट क्लिक करून ‘स्पेशल कमांड’मधील ‘ब्रेक’ निवडावे. टेरा टर्म या तशाच प्रोग्रॅममध्ये ऑल्ट + बी चालते, तर लिनक्सवरील मिनिकॉममध्ये कंट्रोल + ए दाबून सोडावे आणि मग एफ दाबावे.

प्रश्नकर्ता
‘स्पेशल कमांड’मधून चार वेळा ब्रेक दिला, तरी राउटर थेट पासवर्डपाशीच येऊन थांबतो.

उत्तर २
मग संशय यूएसबी-सिरीयल केबलवर घ्यावा. ब्रेक हे अक्षर नसून, एका अक्षराला लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक काळ वाहिनी शून्य स्थितीत धरून ठेवणे म्हणजे ब्रेक; काही स्वस्त केबलींना अक्षरे नीट पाठवता येतात, पण नेमके हेच जमत नाही. अशा वेळी जुनी युक्ती कामी येते. पुट्टीचा वेग १२०० करावा, राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहावे. १२०० वेगाने पाठवलेल्या स्पेसमध्ये आरंभीचा बिट धरून सलग सहा बिट शून्य असतात, म्हणजे वाहिनी सुमारे ५ मिलिसेकंद शून्यावर राहते. ९६०० वर ऐकणाऱ्या राउटरच्या लेखी एक अक्षर जेमतेम १ मिलिसेकंदाचे असल्याने तो यालाच ब्रेक समजतो. या काळात पडद्यावर काही धड दिसणार नाही, त्याने गोंधळू नये. नंतर वेग पुन्हा ९६०० करून जोडणी करावी.

प्रश्नकर्ता
दुसऱ्या प्रयत्नात रॉममॉन आले! कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटरने कसे सुरू व्हावे हे ठरवणारा आकडा) २१४२ करून राउटर पुन्हा सुरू केला आणि नवा पासवर्ड ठेवला.

उत्तर १
रजिस्टर पुन्हा २१०२ केले ना? ते राहिले तर राउटर दर वेळी साठवलेले कॉन्फिगरेशन वगळून कोराच सुरू होईल.

प्रश्नकर्ता
राहिलेच होते. आत्ता केले.