खान्देशी गाणं तुमच्या घरात कुणी म्हटलं?

लग्नाच्या वरातीत हल्ली अहिराणी, म्हणजे खान्देशच्या बोलीतलं, गाणं लागल्याशिवाय पोरं नाचत नाहीत. त्यांना वाटतं ही गाणी यूट्यूबवर जन्मली. मला तसं वाटत नाही. ती आधी जात्यावर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर आणि कानबाई देवीच्या जागरणात बायकांच्या गळ्यात होती. तुमच्याकडे ती कुणाकडून आली ते लिहा. सुरुवात मी करते.

अमळनेरकडची, धागाकर्ती
नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी गोळा होते, नैवेद्याच्या रोटाचं दळण होतं. देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ, डोळे, हिरवं लुगडं. रात्री आजलमाय, म्हणजे माझी आजी, भिंतीला टेकून बसायची. एक ओळ ती उचलायची, तीच ओळ समोरच्या बायका परत म्हणायच्या, आणि शेवटी लांबवलेलं 'वं माय'. दिव्यात तेल घालतानाही तिचं गाणं तुटत नसे. सोमवारी नदीवर जाताना तीच चाल बँडवाला वाजवायचा आणि तिच्याच वयाच्या बायका फुगड्या घालायच्या. आजच्या डीजेच्या गाण्यातही एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. मला तरी त्यात आजलमायच ऐकू येते.

धुळे जिल्हा, बँडमध्ये कॅसिओ वाजवतो
आमचा बँड पूर्वी हिंदी सिनेमाचीच गाणी वाजवायचा. एका वरातीत मी सहज मायची आखाजीची चाल काढली. नवरदेवाची मावशी गर्दीतून पुढे आली, म्हणाली, "हाई ते आपलीच बोली शे!" आणि नाचायला लागली. दुसऱ्या दिवशी मायला समोर बसवून आणखी चाली उतरवून घेतल्या. ती टाळी द्यायची, मी बोटं फिरवायचो. तिची टाळी माझ्या ऑक्टोपॅडवाल्याला अजून नीट जमत नाही.

जळगाव
आमच्याकडे मुलींचा गुलाबाईचा सण. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर गाणी, टिपऱ्या, मग डब्यातला खाऊ ओळखायचा. आमची बोली लेवा, बहिणाबाईंची. आसोद्याच्या त्या माउलीने ओव्या जात्यावर, शेतात रचल्या. त्या 1952 साली छापून आल्या, ती गेल्यानंतर. लिहिता न येणाऱ्या बाईच्या गाण्याची ताकद मला तिथे कळली.

सुरत, उधना
वडील कापडाच्या कामाला इकडे आले. मुलगी गुजराती शाळेत शिकली, घरात अहिराणी बोलायची लाज वाटायची तिला. मोबाईलवर ही गाणी आली आणि ती मला शब्दांचे अर्थ विचारायला लागली. या वर्षी आमच्या गल्लीतल्या कानबाईपुढे तिने तिच्या आजीच्या शेजारी बसून म्हटलं. आजीने मध्येच गाणं थांबवून तिचा उच्चार सुधारला.

चोपडा
एक सांगते, कुणी राग मानू नका. जुन्या गाण्यात बाई स्वतः बोलायची: सासूचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट. नव्या बऱ्याच गाण्यांत तिच्याकडे फक्त बघितलं जातं. ठेका आपला आहे, मला आवडतोही. पण गीत लिहिणाऱ्या पोरांनी एकदा घरातल्या म्हातारीजवळ बसावं. आमची सासू ऐंशीच्या पुढे आहे. तिची गाणी मी रोज दुपारी मोबाईलवर रेकॉर्ड करते, चाळीस झालीत.