जपान कुणाच्या जिवावर उभा राहिला?

सह्यकडा: "पेरी आला नसता तर जपान आजही तलवारी परजत बसला असता" हे वाक्य परवा पुन्हा ऐकलं. मुळीच पटत नाही. अमेरिकी आरमाराचा कमोडोर पेरी बंदरं खुली करायला लावण्यासाठी १८५३ मध्ये चार युद्धनौका घेऊन टोकियोच्या उपसागराच्या तोंडाशी, उरागाला आला, पण जपानमधल्याच सागा प्रांताच्या सरदाराने डच पुस्तक वाचून तोफा ओतायची भट्टी १८५० लाच बांधली होती. नागासाकीला देजिमा बेटावर डच व्यापारी होतेच की.

रेशीमगाठ: तोफा ओतल्या म्हणजे उद्योग उभे राहिले? पैसा कुठून आला ते बोला. योकोहामा १८५९ मध्ये खुलं झालं, तेव्हा युरोपात रेशीमकिड्यांवर रोग पसरलेला. जपानी रेशमाला हातोहात गिऱ्हाईक मिळालं. ते नसतं तर १८७२ ची तोमिओकाची रेशमाची गिरणी कुणासाठी चालली असती?

सह्यकडा: गिऱ्हाईक आलं आणि परदेशांशी झालेल्या करारांत जकातीचा हक्क गेला! आयातीवर जेमतेम ५ टक्के लावायची मुभा. तो हक्क पुरता परत मिळायला १९११ उजाडलं. तिजोरी भरली ती शेतकऱ्याने. १८७३ पासून जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के सारा, तोही रोख. लोक उठले तेव्हा कुठे अडीचवर आला.

गिरणगावकर: दोघंही मुंबईला विसरलात. बंदर खुलं, कापूस घरचा, गिरण्या ओसाकाच्या आधीच्या; आपलं सूत जपानात खपायचं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि पी अँड ओ या इंग्रज बोट कंपनीच्या भाड्याला शह द्यायला जपानी बोटी मुंबईचा कापूस नेऊ लागल्या. पुढे त्याच कापसाच्या सुताने चीनच्या बाजारात आपल्याला मागे रेटलं. १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरची जकात उठवली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली. सरकार कुणाचं, एवढाच प्रश्न आहे.

रेशीमगाठ: मग चीनचं काय? तिथे तर बादशहा घरचाच होता, बंदरं १८४२ पासून खुली.

सह्यकडा: त्या दरबाराने परदेशी कंपनीची शांघायजवळची वूसुंगची रेल्वे १८७७ मध्ये विकत घेतली आणि रूळ उखडले. जपानची टोकियोतल्या शिंबाशीहून योकोहामाला जाणारी गाडी तेव्हा पाच वर्षं धावत होती, सरकारने लंडनमध्ये कर्ज काढून बांधलेली.

रेशीमगाठ: घ्या! म्हणजे पैसा लंडनचाच ना?

गिरणगावकर: आणि फेडला कुणी?